तापोळ्याची बोट पावसावर!

२०२३चा जून. पाऊस लांबलेला, तरी वीकएण्डला तापोळा गाठलंच. महाबळेश्वरहून घाट उतरला की शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचं बॅकवॉटर. पण पाणी कुठाय? खाली नदीपुरती रेघ आणि भेगाळलेल्या उतारावर बोटी चक्क आडव्या! आपलं काय, एक बोटिंग हुकलं. बोटीची डागडुजी करणाऱ्या काकांची मात्र कमाईच थांबलेली. आजोबांची शेती धरणात गेली, आता पोट याच पाण्यावर, असं ते सांगत होते. १०५ टीएमसीच्या या धरणाचं पाणी बोगद्यांतून पोफळीला जातं, तिथे वीज होते. म्हणजे आपल्या एसीतही हे पाणी आहेच की! "दिवाळीत या, फुल्ल असेल," काका म्हणाले. महिनाअखेरीस ऑफिसच्या काचेवर पाऊस वाजला, तेव्हा ट्रॅफिकच्या आधी त्यांची बोट आठवली.