निळ्या डागांचा ट्रॅक्टर

सेकंड हँड कार घ्यायची तर एसी शोरूममध्ये बसून कोल्ड्रिंक पिता पिता घेता येते. सेकंड हँड मिनी ट्रॅक्टर घ्यायचा तर नाशिकमध्ये बागा पालथ्या घालाव्या लागतात. आणि खरं सांगू? हा वीकेंड गोव्याच्या ट्रिपइतकाच धमाल असतो. सकाळी झणझणीत मिसळ, मग दिंडोरी रोड, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव आणि प्रत्येक वस्तीवर आग्रहाचा चहा. फक्त पायात शूज घाला, सँडल नको!

गंगापूर रोडला फ्लॅट आणि गिरणाऱ्याच्या पुढे थोडीशी जमीन, हे आजचं टिपिकल नाशिककर कॉम्बिनेशन. आमची केसही तीच. आजोबांची तीन एकर जमीन, त्यात आंबा, पेरू आणि दोन खोल्यांचं घर. आजोबा गेल्यापासून तिथे फक्त गवत वाढत होतं आणि एजंटचे फोन. शेवटी घरात मीटिंग बसली. आई म्हणाली, "ठेवायची असेल तर कसा, नाहीतर विकून मोकळे व्हा." बाबा नुकतेच रिटायर झालेले. ते म्हणाले, "ट्रॅक्टर घेऊ. मी चालवीन." मी नोकरीवाली, सुट्टी फक्त शनिवार-रविवारची. त्यामुळे शोधमोहीम माझ्या गळ्यात पडली.

आधी हिशोब, मग शौक

पहिलं काम म्हणजे कागद-पेन घेऊन बसणं. वर्षभरात ट्रॅक्टरला काम किती? झाडांच्या ओळींत रोटर मारणं, गवत काढणं, शेणखत आणि मुरूम वाहणं, पावसाळ्यानंतर रस्ता सारखा करणं. सगळं धरून आमचा आकडा सत्तर तासांच्या वर जाईना. निव्वळ पैशांत बघाल तर तासावर भाड्याने ट्रॅक्टर बोलावणं स्वस्त पडतं. मग घ्यायचाच कशाला?

कारण नाशिकचं कॅलेंडर. इथे ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची छाटणी सुरू झाली की जानेवारीपर्यंत ट्रॅक्टरवाल्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. तीन एकरांच्या फुटकळ कामाला तो "उद्या येतो ताई" म्हणतो, आणि तो उद्या दिवाळीनंतर उगवतो. शिवाय येतो तो पंचेचाळीस-पन्नास एचपीचा धटिंगण. आंब्याच्या खालच्या फांद्या तो मोडूनच जातो. म्हणजे हवा मिनी. पण सत्तर तासांसाठी नवाकोरा परवडत नाही, म्हणून जुना. आमचं बजेट होतं तीन लाखांच्या आत.

जुन्याची बोलणी करण्याआधी नव्याचं कोटेशन मात्र नक्की घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नवा स्वस्त झाला, पण जुना विकणाऱ्याच्या डोक्यात अजून जुनाच भाव असतो. नव्याचं कोटेशन खिशात असलं की बोलणी आपोआप खाली येतात.

मिनी, पण कोणासाठी?

अमेरिकेत 'कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर' म्हणजे घरामागचं लॉन कापणारा, बर्फ ढकलणारा, पुढे लोडर लावलेला घरगुती गडी. आपल्याकडे लोडरचं काम जेसीबी तासावर करतो. खड्डा, चर किंवा शेततळं असेल तर त्यालाच बोलवा. नाशिकचा मिनी ट्रॅक्टर वाढलाय द्राक्षबागेसाठी. वेलींच्या दोन ओळींत साधारण नऊ-दहा फूट अंतर आणि डोक्यावर मांडव. त्यात शिरायचं तर अंगाने अरुंद आणि उंचीला बुटकंच हवं.

मॉडेलं बरीच आहेत. महिंद्रा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ हे पंधरा एचपीचे, एका सिलिंडरचे. साधं इंजिन, कुठेही दुरुस्त होणारं, पण जरा धडधडणारं. व्हीएसटी शक्तीचा एमटी १८० डी साडेअठरा एचपीचा आणि तीन सिलिंडरचा, त्यामुळे चालायला मऊ. त्यावर कुबोटाचे एकवीस आणि चोवीस एचपीचे फोर व्हील ड्राइव्ह. आमच्यासारख्या कामाला पंधरा ते चोवीसच्या मधलं काहीही पुरतं. ब्रँडवरून घरात भांडू नका. ट्रॅक्टरने आधीचं आयुष्य कुठे काढलं, हे जास्त महत्त्वाचं.

दिंडोरी : डाग वाचायला शिका

गिरणाऱ्याचे आमचे मिस्तरी सोबत होते. दिंडोरीजवळच्या वस्तीवर पहिला ट्रॅक्टर बघितला तेव्हा मी टायर बघत होते आणि ते खाली वाकून मागचा भाग बघत होते. तिथे फिकट निळसर-पांढरे थर होते. "हे बोर्दो," ते म्हणाले. "याने आयुष्यभर ब्लोअर ओढलाय."

बोर्दो म्हणजे मोरचूद आणि चुना. फ्रान्समधल्या बोर्दो भागात द्राक्षावरच्या डाऊनी रोगाला आवरणारं हे मिश्रण मिलार्दे या शास्त्रज्ञाने १८८५ साली जगापुढे मांडलं. आज तेच आपल्या दिंडोरी-निफाडच्या बागांत फवारलं जातं. वेलीला ते वाचवतं, पण लोखंडाला खातं. म्हणून बागेतल्या ट्रॅक्टरचं बॉनेट चकाचक असलं तरी मागे बघायचं. नट-बोल्ट गंजून एकजीव झालेत का? वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशी दिसते का? पायाखालचा पत्रा टणक आहे की चाळण झालाय?

ब्लोअरचा दुसरा अर्थ म्हणजे पीटीओ, मागून फिरणारा तो दांडा. फवारणीत तो तासन्‌तास फिरतो. त्याचे खाचे बोटाने चाचपा. धार आली असेल, किंवा दांडा हाताने हलवल्यावर कटकट वाजत असेल, तर समजा की खर्च आला.

आणि अवर मीटर? तो बंद पडलेला असतो किंवा बदललेला असतो. मिस्तरींचं मीटर वेगळं. क्लचच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, सीट फाटलेली, स्टिअरिंगला चार बोटं प्ले, आणि काटा म्हणतो नऊशे तास! मालक माझ्याकडे बघून हसले. "ताई, तुम्हाला यातलं काय समजतंय?" मी म्हटलं, "नाना, रबर समजतं." मग चहा जरा गोड लागला.

इंजिन थंड आहे ना?

दुपारी मोहाडीमार्गे पिंपळगाव बसवंतकडे निघालो. २०१० साली सुरू झालेली शेतकऱ्यांची सह्याद्री फार्म्स याच मोहाडीत आहे. पुढे निफाड तालुका लागला की जमीन काळी होते आणि सपाट होते.

पिंपळगावचा ट्रॅक्टर बघून बाबा प्रेमातच पडले. नवा रंग, नवे टायर, आणि भाव आमच्या बजेटच्या चाळीस हजार खाली! मालक किल्ली फिरवणार तेवढ्यात मिस्तरींनी बॉनेटवर हात ठेवला. गार. "चला, आता मारा स्टार्टर." हा फंडा पाठ करा. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवलं असेल तर आजारी इंजिनही शहाण्यासारखं सुरू होतं.

मग धूर बघायचा. सुरुवातीला थोडा काळा चालतो. सतत काळा असेल तर एअर फिल्टर किंवा नोझल. निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबेना, तर जास्त चौकशी करा. ऑइलचं झाकण उघडून आतून धूर फुसफुसतो का बघा. तसं असेल तर इंजिन बांधायला आलंय. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, तिथूनच रामराम करा. शेवटी लिफ्टवर रोटर उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं गप्पा मारा. तेवढ्यात रोटर जमिनीला टेकला तर हायड्रॉलिक दमलंय.

पिंपळगावचा ट्रॅक्टर या सगळ्यात पास झाला. बाबा इसार द्यायला खिशात हात घालत होते.

सपाटीचा ट्रॅक्टर, उताराची जमीन

तेव्हा मिस्तरींनी एकच प्रश्न विचारला. "काका, तुमच्या आंब्याच्या ओळी उताराला उभ्या की आडव्या?"

आडव्या. आजोबांनी पाणी आणि माती अडावी म्हणून तशाच लावल्या होत्या. म्हणजे ट्रॅक्टर उतारावर आडवाच चालणार. आणि समोरचा ट्रॅक्टर होता द्राक्षासाठी चाकं आत घेतलेला, अरुंद. सीटच्या मागे रोल बार नाही. मांडवाला अडकतो म्हणून कधीच काढून टाकलेला. निफाडच्या सपाट काळ्या जमिनीत त्याने मालकाची बारा वर्षं इमानाने सेवा केली. तिथे तो योग्यच होता. पण गिरणाऱ्यापासून त्र्यंबककडे जाल तशी जमीन चढते, पाऊस वाढतो आणि ओलं गवत चाकाखाली सरकतं.

बाबा म्हणाले, "मी हळू चालवीन."

"काका, हळू चाललेलाही उलटतो. खालचं चाक खड्ड्यात आणि वरचं दगडावर गेलं की संपलं."

परतीच्या वाटेवर ओझरपर्यंत कोणी बोललं नाही. चाळीस हजार कमी नसतात. पण मीही मनात एक हिशोब करत होते. जमीन राखायची कोणासाठी? बाबांसाठीच ना? मग ज्याच्यावर ते एकटे बसणार, मी शहरात ऑफिसमध्ये असताना, तिथे कसर करायची? मी गाडी चालवता चालवता एवढंच म्हटलं, "बार नसेल तर ट्रॅक्टर नाही." बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांनी ओळी उभ्या लावल्या असत्या तर?" मी म्हटलं, "तर माती कधीच वाहून गेली असती."

शेवटी काय घेतलं?

पुढचे दोन शनिवार अजून फिरलो. अखेर एका पेरूवाल्याकडे नऊ वर्षांचा फोर व्हील ड्राइव्ह मिळाला. रंग उडालेला, एक हेडलाइट फुटलेला. निळा डाग एकही नाही, कारण त्याने ब्लोअर फारसा ओढलाच नव्हता. रोल बार जागेवर. मागची चाकं उलटी बसवून रुंदी वाढवता येते, असं मिस्तरींनी तपासून सांगितलं. तेवढं काम त्यांनी एका सकाळी केलं. भाव तीन लाखांच्या आत, पण पिंपळगावपेक्षा अठ्ठावीस हजार जास्त. आणि महत्त्वाचं म्हणजे त्याचे पार्ट नाशिकमध्ये मिळतात आणि तो उघडता येणारा माणूस गिरणाऱ्यातच आहे.

आईने जुन्या कुंकवाच्या करंड्यातलं हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. पहिल्या महिन्यात बाबांनी अकरा तास चालवला. वहीत तारीख घालून लिहून ठेवलेत. आंब्याच्या ओळी पुन्हा दिसायला लागल्यात. एजंटचा फोन अजून येतो, पण हल्ली बाबा तो "आत्ता रोटर चालू आहे" म्हणून ठेवून देतात!

बॉक्स : इसार देण्याआधी

• आरसीवरचा इंजिन आणि चासी नंबर स्वतः ताडून बघा. नाशिकचं पासिंग एमएच १५, मालेगावचं एमएच ४१.

• बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात.

• रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं. संपत आलं असेल तर नूतनीकरणाचा खर्च भावातून वजा करा.

• ट्रॅक्टर सरकारी अनुदानावर घेतलेला आहे का, ते विचारा. तसं असेल तर विक्रीला अटी असू शकतात.

• ट्रॉलीचे कागद वेगळे असतात. 'ट्रॉली फुकट' म्हटलं की आधी तिचे कागद मागा.

• रोल बार उभा असेल तरच सीटबेल्ट लावा. बार नसेल किंवा आडवा पाडलेला असेल तर बेल्ट नको.

• खरेदीला चांगला काळ म्हणजे द्राक्षाचा सीझन संपल्यावर, एप्रिलच्या आसपास. मालाचे पैसे आलेले असतात आणि बागायतदार नवा घ्यायच्या मूडमध्ये असतो. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर जाल तर भाव तो ठरवेल, तुम्ही नाही.