वाळूवरची हद्द

अमेरिकेत मुलाकडे जाऊन आलेला मराठी माणूस बहुधा नायगाराचे वर्णन करतो. मी सांगणार आहे वाळूची गोष्ट. “वाळू पाहायला इतक्या लांब कशाला? आपली दापोली काय वाईट होती?” असे कोणी विचारील, तर प्रश्न रास्त आहे. मीही त्याच बाजूचा.

वॉशिंग्टनपासून मोटारीने तीनएक तासांवर, मेरीलँड आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या किनाऱ्याला लागून, असाटीग नावाचे बेट आहे. सुमारे ६० किलोमीटर लांब आणि अगदी चिंचोळे. एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला खाडी. चिरंजीवांनी तिथे दोन रात्रींचा मुक्काम ठरवला, तोही तंबूत!

तंबूच्या साध्या मेखा वाळूत धरीनात. एक ठोकावी तर दुसरी वर येई. शेवटी शेजारच्या गृहस्थांनी हातभर लांबीच्या मेखा उसन्या दिल्या. संध्याकाळी वारा पडला आणि डास आले. आपल्या पाणथळीतले डास त्यांच्यापुढे सोवळे! पहाटे पाहतो तो दाराशी घोडा उभा. इथले रानघोडे खाजणातले खारे गवत खातात, त्यापायी पाणी फार पितात, आणि पोटे नगाऱ्यासारखी फुगतात. सूनबाई आतून ओरडली, “बाबा, जवळ जाऊ नका, चावतात ते!”

न्याहारी झाल्यावर वाळूच्या टेकड्यांमागच्या पायवाटेने निघालो. टेकड्यांवर चढायला मनाई आहे. त्यांच्यावरचे गवत मुळांनी वाळू धरून ठेवते. ते तुडवले की वारा वाळू उडवून नेतो. आपल्याकडे हेच काम मर्यादवेल करते. वाटेत वाळूतून डांबराचे तुकडे वर आलेले दिसले. इथे सडक कुठली?

चिरंजीवांनी इतिहास सांगितला. १९५० नंतरच्या दशकात या वाळूवर प्लॉट पाडले होते, हजारोंनी विकलेही होते. सडक झाली, घरे उठू लागली. मग मार्च १९६२ मध्ये वादळ आले. समुद्र बेट ओलांडून खाडीत शिरला, सडक उखडली, बहुतेक घरे गेली. १९६५ साली सरकारने हा किनारा राष्ट्रीय ठेवा म्हणून राखला. असे बेट एका जागी राहतच नाही. लाटा समुद्राकडची वाळू खाडीकडे टाकतात आणि बेट हळूहळू जमिनीकडे सरकते. सरकते म्हणूनच टिकते.

मी त्या डांबरावर जरा बसलो. गावी आमच्या वाडीच्या गडग्यावरून धाकट्या भावाशी माझा अकरा वर्षे दावा चालू आहे. वाद दोन हात जागेचा. गडग्याचे समुद्राकडचे टोक गेल्या तीन पावसाळ्यांत ढासळले. पण ते बांधायचे कोणी, याचाही निकाल कोर्टातूनच यायचा आहे!

रात्री तंबूबाहेर येऊन भावाला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

“दादा, बरा आहेस ना?” तो घाबरून म्हणाला.

“बरा आहे. समुद्रावर आलोय.”

“तिकडचा समुद्र कसा आहे?”

“आपल्यासारखाच. गडग्याचं टोक किती राहिलंय रे?”

तो थोडा थांबला. “फार नाही. तू आलास म्हणजे दोघं मिळून बघू.”

या अकरा वर्षांत गडग्याविषयी आम्ही वकिलावाचून बोललो, ते त्या रात्री पहिल्यांदा.