पगाराचं क्रियापद

वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला 1985 मध्ये. आज बजाजच्या मोटरसायकली कोलंबियात आणि मेक्सिकोत धावतात, आणि दोन्हीकडची भाषा स्पॅनिश. शहराच्या दुसऱ्या अंगाला, तीसेक किलोमीटरवर वेरूळ. तिथे स्पेन, मेक्सिको, अर्जेंटिनाहून पाहुणे येतात. छत्रपती संभाजीनगरात स्पॅनिशकडे वळणारा माणूस बहुधा यातल्याच एखाद्या वाटेने आलेला असतो. समर्थनगरात एका घरी संध्याकाळी आमचा छोटा वर्ग भरायचा, तिथेही असेच लोक होते. अजिंठा-वेरूळचा एक गाइड, वाळूजच्या कंपनीत निर्यातीची कागदपत्रं पाहणारी एक तरुणी, स्पेनला शिकायला जाऊ पाहणारे दोघं, आणि भाषांची ओढ म्हणून आलेला मी.

पुस्तकं सहसा 'आब्लार', म्हणजे बोलणे, या क्रियापदापासून सुरुवात करतात. आमच्या बाईंनी फळ्यावर लिहिलं 'पागार'. अर्थ, पैसे देणे.

"म्हणजे आपला पगार?" गाइडने विचारलं.

तोच. स्पॅनिश आणि पोर्तुगीज या बहिणी-बहिणी. पोर्तुगिजांकडून बटाटा आला, पाव आला, तसाच पगारही मराठीत आला आणि इथे नाम होऊन बसला. तिकडे मात्र तो अजून क्रियापद आहे. त्यातला 'आर' काढायचा आणि उरलेल्या 'पाग'ला प्रत्यय लावायचे. पागो, मी देतो. पागास, तू देतोस. पागा, तो देतो किंवा ती देते. पागामोस, आम्ही देतो. पागान, ते देतात. समोरच्या अनेकांशी सलगीने बोलताना स्पेनमध्ये 'पागाइस' म्हणतात. लॅटिन अमेरिकेत हे रूप वापरातच नाही, तिथे त्यांनाही 'पागान'च. एवढं हातात आलं की 'आर'ने संपणारी हजारो नियमित क्रियापदं त्याच वाटेने चालतात. भाषेत नव्याने येणारी क्रियापदंही याच गटात जातात. ट्विट करण्यासाठी स्पॅनिशने 'तुइतेआर' घडवलं, ते याच साच्यात.

आमच्यातले बहुतेक जण स्पॅनिश शिकत होते इंग्रजीच्या खांद्यावरून. हातातली पुस्तकं इंग्रजी, टिपणं इंग्रजी. इंग्रजीत वाक्याला कर्ता हवाच, म्हणून प्रत्येक वाक्याआधी 'यो', 'तू' जोडायची सवय लागते. मराठी माणसाला याची गरज काय? "येतोस का?" एवढं पुरतं; कोण ते क्रियापद सांगतं. 'पागास'ही तसंच. आणि तो शेवटचा 'स' पाहा. देतोस, दिलंस. तिकडे पागास, पागाबास, पागारास. संस्कृतातला 'सि' आणि लॅटिनमधला 'स' एकाच इंडो-युरोपीय कुळातले, आणि हजारो वर्षांनंतर दोघेही अजून 'तू'ची खूण सांभाळून आहेत. भूतकाळी 'पागास्ते'त हा 'स' शेवटी नाही, पण बोलीत कितीतरी लोक तो तिथेही जोडतात. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना स्पॅनिश मराठीतूनच शिकवायला हवी, हे माझं मत त्या वर्गात पक्कं झालं. उच्चाराचंही तेच. स्पॅनिश 'त' दंत्य आहे, आपल्या 'त'सारखा. इंग्रजीतून गेलेला विद्यार्थी उगाच 'टोडो' म्हणत राहतो. 'तोदो' त्याच्या जिभेवर आधीपासूनच असतं.

मराठी जिथे साथ सोडते ती जागाही ओळखायला हवी. 'पागो'मध्ये जोर 'पा'वर दिला तर 'मी देतो'. तोच जोर शेवटच्या 'गो'वर नेला तर 'त्याने दिले'. रोमन लिपीत दुसऱ्या रूपाच्या डोक्यावर छोटी रेघ असते. देवनागरीत दोन्ही सारखी. मराठीत अशा आघाताने काळ बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला तो फरक सहज पकडता येत नाही. पैसे कोणी दिले, हाच प्रश्न असेल तर भलताच घोळ. आम्ही वहीत आघाताच्या अक्षराखाली रेघ मारू लागलो.

दुसरी अडचण कर्माची. मी तिकीट काढलं, पावती घेतली, पैसे दिले: मराठी क्रियापद इथे कर्माकडे पाहून लिंग-वचन बदलतं. स्पॅनिशमध्ये नजर कर्त्यावर. काहीही देऊ दे, 'मी दिलं' म्हणजे 'पागे'. देणारा पुरुष की बाई, तेही कळत नाही; 'देतो-देते' हा भेद तिथे नाहीच.

कागदपत्रं पाहणाऱ्या तरुणीला काळापेक्षा आदर महत्त्वाचा होता. 'तू'ला 'पागास', पण आदरार्थी 'उस्तेद'ला तृतीय पुरुषाचं 'पागा'. बोगोतात तर घरच्या माणसांशीही 'उस्तेद' चालतं, म्हणून कोलंबियाच्या ग्राहकाला लिहिताना तिने 'तू'चा रकाना बाजूलाच ठेवला.

गाइडचं अडलं ते भूतकाळात. स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन. 'पिंतार', म्हणजे रंगवणे, हेही नियमित. 'पिंतारोन', त्यांनी रंगवलं, काम झालं. 'पिंताबान', ते रंगवत होते, रंगवत असत. अजिंठ्यासारख्या ठिकाणी हा भेद टाळताच येत नाही. नऊ आणि दहा क्रमांकाची लेणी इसवी सनापूर्वीची; एक क्रमांकातला पद्मपाणी वाकाटकांच्या काळातला, पाचव्या शतकातला. कोणी काय रंगवलं हे सांगताना 'पिंतारोन'. अंधाऱ्या लेण्यात चित्रकार काम कसं करत, हे सांगताना 'पिंताबान'. गाइडने आपलं सगळं मराठी निवेदन असं वाक्यावाक्याने तपासलं. घडलेली घटना कुठली, चाललेलं काम कुठलं, हे ठरवताना त्याला स्वतःचीच माहिती नव्याने लावावी लागली.

नंतर एकदा मी त्याच्याबरोबर वेरूळला गेलो. मेक्सिकोचं एक कुटुंब होतं. तिकिटाच्या खिडकीपाशी त्याने सांगितलं, "लोस एस्त्रान्खेरोस पागान मास," परदेशी लोक जास्त देतात. कुणी वाद घातला नाही. कैलासासमोर त्यातल्या मुलीने विचारलं, "क्वांतो तारदारोन?" त्यांना किती वेळ लागला? 'तारदार', पुन्हा नियमित. गाइडने आधी राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला आणि आठवं शतक सांगितलं. नेमकी किती वर्षं लागली यावर अभ्यासकांचं एकमत नाही, हेही सांगितलं. मग हात शिखराकडे उंचावून तो 'ताल्यार', म्हणजे कोरणे, या क्रियापदाकडे वळला: कामगार वरून खाली कोरत येत होते, 'ताल्याबान'. मुलीने मान वर केली आणि पुढचा प्रश्न विचारला, काढलेला दगड कुठे नेला?