आधी काय मोडणार?

आर्किटेक्चरची मुलं सबमिशनच्या आदल्या रात्री ज्या पांढऱ्या बोर्डाला शिव्या घालत असतात, त्याच फोम बोर्डापासून विमान बनतं. शोकेसमध्ये ठेवायचं नाही, उडणारं. मोटर, बॅटरी आणि रिमोट असलेलं, हवेत वळणारं, सांगितलं की खाली उतरणारं.

माल अगदी साधा आहे. पाच मिलिमीटर जाडीचा फोम आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटलेला कागद. बोर्ड वाकवला की ताण आणि दाब कागद सोसतो, मधला फोम फक्त त्या दोन कागदांना एकमेकांपासून लांब धरतो. त्यामुळे वजनाच्या मानाने हा बोर्ड फार ताठ असतो. खऱ्या विमानांत दोन पातळ थरांच्या मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी घालतात, तिथेही तत्त्व हेच. बाकी सामान म्हणजे कटर, स्टीलची पट्टी, ग्लू गन, पॅकिंग टेप आणि आकाशकंदिलाला लागतात तशा बांबूच्या कामट्या.

पंखाला गोलाई हवी असेल तर आतल्या बाजूचा कागद सोलायचा आणि बोर्ड टेबलाच्या कडेवरून हळूहळू ओढायचा. शेपटीचा हलणारा भाग करायचा असेल तर एका बाजूचा कागद आणि फोम तिरका कापायचा, दुसऱ्या बाजूचा कागद तसाच ठेवायचा. तोच बिजागरीचं काम करतो. इंटरनेटवर तयार नकाशे फुकट मिळतात. ते प्रिंट करा, कापा, चिकटवा, विमान उडतं. मला मात्र नकाशा स्वतः काढायचा होता.

कारण मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. म्हणजे डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची. महाराष्ट्रात हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फ्लुइड मेकॅनिक्समधलं लिफ्टचं सूत्र मी परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलं, सहा मार्कांना लिहिलं आणि विसरलो. पाच वर्षांनी ते पुन्हा काढलं, तेव्हा पहिल्यांदा त्यात माझे स्वतःचे आकडे भरले. पंखाची लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी २०. क्षेत्रफळ ०.२४ चौरस मीटर. सगळं मिळून वजन ७२० ग्रॅम, त्यातले १८० एकट्या बॅटरीचे. उत्तर आलं सेकंदाला साधारण सात मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटर. त्याहून हळू गेलं तर विमान हवेत टिकणार नाही. जोरात मारलेल्या सायकलचा वेग. म्हणजे माळावर, डोळ्यांसमोर, रिमोट हाताळायला वेळ मिळेल असा.

दुसरा आकडा तोलाचा. पंखाच्या पुढच्या कडेपासून पाच ते सहा सेंटिमीटरवर दोन बोटं लावून विमान उचललं, तर ते आडवं राहिलं पाहिजे. तोल थोडा पुढे गेला तर विमान जड चालतं. मागे गेला तर ते हाताबाहेर जातं. म्हणून बॅटरी शेवटी बसवायची आणि पुढेमागे सरकवून जागा शोधायची.

हे सगळं आमच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या डायनिंग टेबलवर चाललं होतं, आणि समोर पप्पा बसलेले असायचे. ते कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत टर्नर होते. तेहतीस वर्षं लेथवर काढली. रिटायर झाल्यावर आई-पप्पा माझ्याकडे आले. आईला सोसायटीत मैत्रिणी मिळाल्या. पप्पांना काही मिळालं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर शंभरांश मिलिमीटर मोजला, तो सातव्या मजल्यावर टीव्हीचा आवाज कमी-जास्त करत बसला होता. त्यांना दुकानात पाठवावं, तर भाजीही घरपोच येते.

"तू ऑफिसात नक्की काय बनिवतोस?" हा प्रश्न त्यांनी मला नोकरी लागल्या दिवसापासून विचारला होता. माझं उत्तर ठरलेलं असायचं: कॉम्प्युटरवर काम असतं, पप्पा. ते मान हलवायचे. हातात धरून दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

विमान मात्र हातात धरता येत होतं. त्यांनी ते उचललं, न सांगता बरोबर तोलाच्या जागी बोटं लावली, फिरवून पाहिलं आणि विचारलं, "हे पडल्यावर आधी काय मोडणार?"

"कसं पडतंय त्यावर आहे," मी म्हणालो.

"त्याच्यावर सोडायचं न्हाई. ते तू ठरवायचं."

मग त्यांनी मला शिअर पिन समजावून सांगितली. लेथमध्ये ताकद ज्या मार्गाने पुढे जाते, त्या मार्गात मुद्दाम एक मऊ, कमजोर पिन ठेवतात. कुठे काही अडकलं, भार वाढला, तर महागडे गिअर फुटण्याआधी ती कापली जाते. पाच मिनिटांत नवी बसवायची आणि काम सुरू. "पिन तुटली म्हंजे मशीन वाचलं," पप्पा म्हणाले. चार वर्षांच्या डिग्रीत मी पुष्कळ भाग मजबूत करायला शिकलो होतो. कुठला भाग कमजोर ठेवायचा, हा प्रश्न तिथे मला कुणी विचारला नव्हता.

त्या संध्याकाळपासून आम्ही विमानाकडे उलट्या बाजूने पाहायला लागलो. पंख ग्लूने चिकटवायचा नाही. बॉडीतून दोन कामट्या आरपार घालायच्या आणि पंख रबर बँडनी आवळायचा. जमिनीला धडकला की रबरं सुटतात, पंख बाजूला होतो, दोन्ही शाबूत राहतात. प्रॉपेलरही शाफ्टवर रबरी रिंगने धरायचा, म्हणजे आपटला तर तो सटकतो आणि शाफ्ट वाकत नाही. मोटरच्या माउंटसाठी पप्पांनी कोल्हापूरच्या एका मित्राच्या लेथवर ॲल्युमिनियमचा सुंदर तुकडा वळवून आणला. दोन दिवस तो टेबलवर होता. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तो कपाटात ठेवला. "हे काय मोडत न्हाई. मग धक्का मोटरला बसणार." त्याच्या जागी पातळ प्लायचा तुकडा आला.

विमानांच्या इतिहासात हा धडा महागात शिकलेली माणसं आहेत. अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली यांचं माणूस नसलेलं मॉडेल ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडालं. मग त्यांनी माणूस बसेल एवढं मोठं विमान बांधलं. १९०३ च्या ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये ते दोनदा नदीत पडलं, दुसऱ्यांदा तर झेप घेतानाच मोडलं. आकार दुप्पट केला की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट. लहान सांगाड्याला जे झेपतं ते मोठ्याला झेपेलच असं नाही. त्या दुसऱ्या अपघातानंतर नऊ दिवसांनी, १७ डिसेंबरला, राइट बंधू उडाले. त्यांनी १९०१ मध्ये सहा फुटी लाकडी पेटीत पंखा लावून वारा सोडला होता आणि पंखांचे जवळपास दोनशे छोटे नमुने त्यात तपासले होते. स्वस्तात, जमिनीवर, जिथे कुणाचा जीव जात नाही तिथे.

हे सगळं बोलता बोलता एकदा माझ्या ऑफिसचा विषय निघाला. आमच्या सिस्टिममध्ये बरीच छोटी सॉफ्टवेअर एकमेकांना कामं सांगत असतात. त्यातलं एक, समजा पेमेंटचं, रेंगाळलं, तर त्याच्या उत्तराची वाट बघत दुसरं थांबतं, दुसऱ्यासाठी तिसरं, आणि शेवटी सगळंच गोठतं. म्हणून मध्ये एक सर्किट ब्रेकर लिहितात. पेमेंटकडून लागोपाठ ठरावीक वेळा उत्तर आलं नाही, की तो काही काळ तिकडे कुणाला पाठवतच नाही. पेमेंट बंद पडतं, बाकीचं ॲप चालू राहतं.

पप्पा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे पिनच की."

"हो."

"आणि कुठं बसवायची, ते तू ठरिवतोस?"

"मी आणि माझी टीम."

"मग असं सांगायचं की इतके दिवस," ते म्हणाले आणि ग्लू गनचा प्लग लावायला उठले. त्यानंतर तो जुना प्रश्न त्यांनी विचारलेला नाही. आता विचारतात, "आज पिन तुटली का?"

उडवायला मात्र पुण्याबाहेर जावं लागलं. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, आणि ड्रोन नियम, २०२१ नुसार आकाश लाल, पिवळ्या आणि हिरव्या भागांत वाटलेलं आहे. तुम्हीही बनवणार असाल, तर डिजिटल स्कायवरचा नकाशा आधी बघा, नियम वाचा, वस्तीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून उडवू नका. आमच्या गावाबाहेरचा माळ त्या नकाशावर हिरवा होता. जानेवारीतली सकाळ होती, वारा जवळजवळ नव्हता.

रिमोट माझ्या हातात, विमान पप्पांच्या. मी मोटर पूर्ण सोडली, त्यांनी चार पावलं धावत ते सरळ, आडवं, भाला फेकावा तसं सोडलं. ते थोडं खाली दबलं, मग वेग धरून वर गेलं. आठ मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही.

उतरताना बाजूने वाऱ्याचा झोत आला आणि डावा पंख ढेकळाला लागला. पंख सुटून तीन फुटांवर पडला. मी धावत जाऊन बॉडी उचलली, मोटर फिरवून पाहिली. सगळं शाबूत. पप्पा मागून आले. त्यांनी विमानाकडे पाहिलंसुद्धा नाही, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि गवतातली रबरं गोळा करू लागले. सहा लावली होती, पाच सापडली. सहावं मिळेपर्यंत ते काही तिथून हलले नाहीत.