सोडण्याची विद्या

जगात ज्यांची मनमुराद थट्टा करावी असे काही निरुपद्रवी लोक असतात. त्यांत गळ टाकून बसणाऱ्या माणसाचा क्रमांक बराच वरचा लागेल. ऊन चढते, सावल्या फिरतात, रानात गेलेली गुरे घरी परततात. पण हा गृहस्थ जागचा हलत नाही. ‘काही लागले का?’ असे कोणी विचारलेच, तर तो नुसती मान हलवतो. त्या हलवण्यात नकार असतो, की विचारणाऱ्याने दूर जावे अशी सूचना असते, हे सांगणे कठीण!

आमचे एक काका याच पंथातले. नोकरीनिमित्त ते म्हैसूरला राहत, आणि सुटी मिळाली की कावेरीच्या काठी हजर होत. त्यांची सारी धडपड एकाच माशासाठी असे. तो मासा म्हणजे महसीर. गोड्या पाण्यातील माशांत गळवाल्यांनी याच्याइतका मान क्वचितच दुसऱ्या कोणाला दिला असेल. जिम कॉर्बेट यांच्यासारख्या वाघांच्या शिकाऱ्यानेही आपल्या पुस्तकात याच्यासाठी स्वतंत्र प्रकरण राखून ठेवले. त्यातही कावेरीचा महसीर हा महसिरांचा राजा. पाठीवर उंचवटा, अंगावर मोठमोठे खवले आणि नारिंगी पर, असे त्याचे रूप. १९४६ साली कावेरीची उपनदी कबिनी हिच्यात गळाला लागलेला एक महसीर १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा भरला होता!

२००४ सालच्या मार्च महिन्यात मी काकांबरोबर गलिबोरे येथील तळावर गेलो. शिवनसमुद्राचा धबधबा उतरून आलेली कावेरी तेथे डोंगरांच्या कुशीतून, खडकांना वळसे घालीत वाहते. गळ टाकण्यापूर्वी काकांनी अर्धा तास नुसती नदी पाहिली. ‘‘अरे, मासा दिसत नसतो, नदी दिसत असते. तिच्यावरून मासा ओळखायचा,’’ ते म्हणाले. मोठा महसीर भर धारेत पोहून आपली शक्ती वाया दवडीत नाही. वेगाचे पाणी आणि संथ पाणी जेथे एकमेकांना भेटते, तेथे खडकाच्या आडोशाला तो उभा राहतो. वाहत येणारे अन्न नदीच त्याच्या दारी आणून देते.

गळाला लावण्यासाठी नाचणीचे पीठ मळून, उकडून त्याचे लिंबाएवढे गोळे केलेले होते. गोळा चांगला घट्ट हवा. नाहीतर लहान मासे तो टोचून टोचून संपवतात आणि खऱ्या पाहुण्याच्या वाट्याला काही उरत नाही. शिशाचे वजन बांधून काकांनी गळ त्या शिवेवर फेकला आणि दोर बोटावर हलकेच धरून ते बसले. दोन तास गेले. मग एकाएकी त्यांच्या हातातील काठी वाकली, आणि चरखीवरून दोर किंचाळत धावू लागला.

नवखा माणूस अशा वेळी पाय रोवून काठी ओढतो. दोर तुटतो, आणि गळ तोंडात घेऊन मासा निघून जातो. जाणता माणूस मात्र दोर सोडतो. चरखीचा अटकाव त्याने आधीच असा बेताचा ठेवलेला असतो, की माशाने ओढले तर दोर सुटावा. पण फुकट सुटू नये. धाव संपली की दोर हलके हलके गुंडाळायचा, पुन्हा धाव आली की पुन्हा सोडायचा. परंतु माशाला फार वेळ खेळवीत बसणेही बरे नव्हे. तो दमून मरतो. म्हणून दोर पुरेसा मजबूत घ्यायचा आणि झुंज शक्य तितक्या लवकर संपवायची.

अर्ध्या तासाने मासा काठाशी आला. काकांनी आधी हात भिजवले. कोरड्या हातांनी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तोच तर त्याचे रोगांपासून रक्षण करतो. गळ काढला, लांबी मोजली, झोळीत घालून वजन केले. बावीस किलो! मग माशाचे तोंड प्रवाहाकडे करून ते गुडघाभर पाण्यात उभे राहिले. कल्ल्यांतून पाणी खेळू लागले. शेपटी एकदा हलली, दोनदा हलली, आणि मासा काकांच्या हातांतून नदीत गेला. काकांनी तळावरच्या नोंदवहीत जात, वजन आणि तारीख लिहिली.

घरी ही हकिगत ऐकून काकूंनी विचारले, ‘‘सोडायचाच होता, तर धरलात कशाला?’’ काका मुकाट्याने भात कालवीत राहिले.

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर पुढे त्या नोंदवहीनेच दिले. २०१२ साली तेथील अभयारण्यात गळ टाकणे बंद झाले. त्यानंतर संशोधकांनी १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी तपासल्या. ६,००० हून अधिक महसीर त्यांत होते, आणि वर्षागणिक संख्या वाढतच होती. वरवर पाहता आनंदाचीच गोष्ट! पण वाढत होते ते निळसर परांचे महसीर. नारिंगी परांचा राजा जवळजवळ नाहीसा झाला होता.

हे निळसर परांचे मासे आले कोठून? ते आपल्याकडचे. दख्खनच्या या महसिराचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून केले होते. लोणावळ्याला त्याची अंडी उबवून पिले वाढवण्यात यश आले, आणि नद्या पुन्हा माशांनी भराव्यात या सद्‌हेतूने ती पिले दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली. कावेरीतही ती सोडली. पाहुणा तेथे रुजला, फोफावला; घरधनी मात्र मागे हटला. धरणे, वाळूचा उपसा आणि सुरुंगांनी केलेली मासेमारी यांचा जाच होताच. कावेरीच्या राजाचे शास्त्रीय नाव निश्चित होण्यास २०१८ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी, नामशेष होण्याचा अत्यंत धोका असलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याची नोंद झाली.

धरण्याला कसब लागते, हे सर्वांनाच ठाऊक असते. सोडण्यालाही ज्ञान लागते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. काकांनी ज्या नदीतून मासा घेतला, त्याच नदीला तो परत दिला. दुसऱ्यांनी तितक्याच मायेने एका नदीचे धन दुसऱ्या नदीत सोडले, आणि ते तिला भारी पडले. गळाने माशाला यातना होतात, हा काकूंच्या प्रश्नातला काटा अजूनही माझ्या मनातून निघत नाही. पण पाण्याखाली कोण नाहीसा होत आहे, हे काठावर उभे राहून दिसत नाही. कोणीतरी धरले, नीट ओळखले, सोडले आणि लिहून ठेवले, म्हणून ते आपल्याला कळले. आता कळले आहे, तर त्या नारिंगी परांसाठी नदीत जागा राखणे हे काम आपले आहे.