पटावरची फ्रेम

बुलडाणा जिल्ह्यात मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक नाही. इथल्या पोराला वेग कॅमेऱ्यात धरायला शिकायचं असेल, तर त्याने शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला, जावं. घाटावर असो की घाटाखाली, पिकं निघाली, रानं मोकळी झाली की पटाच्या गोष्टी सुरू होतात. छकडा हलका, बैल निवडक, छकडा हाकणारा धुरकरी वाकलेला, आणि सगळा निकाल काही सेकंदांत.

पहिला पेच उजेडाचा. माती काळी, बैल पांढरे, ऊन डोक्यावर. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. बैलजोडीने फ्रेम भरली की ते उजेड कमी करतं आणि पांढरी कातडी मळकी दिसते. जोडी लांब असली, फ्रेममध्ये काळं रान जास्त असलं, की तेच मीटर उजेड वाढवतं आणि बैलाच्या पाठीचा नुसता पांढरा डाग उरतो. काळोखात दडलेला तपशील नंतर बराचसा वर काढता येतो. पांढऱ्यात जळालेला परत येत नाही. म्हणून जोडी सुटण्याआधीच, उन्हात उभ्या बैलाच्या पाठीवर एक्स्पोजर ठरवावं, हाताने पक्कं करावं आणि ऊन बदलेपर्यंत त्याला हात लावू नये. सूर्य समोर असेल तर उडालेली धूळ उजळते आणि मीटर पुन्हा चकतं. तरीही मला ती बाजू आवडते. धुळीशिवाय पट कसला?

दुसरा पेच वेगाचा. जोडीचा वेग ताशी ४० किलोमीटर धरा. सेकंदाच्या हजाराव्या भागात बैल सेंटीमीटरभर सरकतो. सगळं लख्ख येतं, खुरं हवेत थिजतात, पण जोडी धावतेय की उभी आहे ते चाकाच्या आऱ्यांवरून कळत नाही. साठाव्या भागात तो १८ सेंटीमीटर जातो. तेव्हा पाय रोवून, कमरेतून वळत, कॅमेरा जोडीबरोबर फिरवावा लागतो आणि शटर पडल्यावरही वळणं थांबवायचं नसतं. बरेच फोटो वाया जातात. जो साधतो त्यात बैलाचा डोळा स्थिर असतो आणि मागची गर्दी रेघांसारखी ओढली जाते.

झाक-आंरी लार्तिग या फ्रेंच तरुणाने पहिल्या महायुद्धाआधी ग्रां प्रीमधल्या एका मोटारीचा असाच फोटो काढला. त्याच्या कॅमेऱ्याच्या शटरची फट सरकत जाणारी होती, म्हणून चाक लंबगोल होऊन पुढे कललं, प्रेक्षक उलटे कलले, आणि गाडीचा पुढचा भाग फ्रेमबाहेर राहिला. नियमाने पाहिलं तर फोटो फसलेला. पण वेग त्याहून चांगला दाखवणारं चित्र मी पाहिलेलं नाही. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लार्तिगचं प्रदर्शन भरलं आणि जग त्याला ओळखू लागलं.

म्हणून फोटोच्या कापाकापीच्या नियमांवर माझा अर्धाच विश्वास आहे. धावणाऱ्याच्या पुढे जागा सोडावी, खुरं छाटू नयेत, क्षितिज सरळ असावं, हे खरं. पण काही जण कडा इतक्या आत आणतात की दोन शिंगं आणि चार नाकपुड्या उरतात. असा फोटो कुठल्याही गावचा असू शकतो. मागची धूळ, झाडावर चढलेली पोरं, घड्याळ घेऊन बसलेला माणूस ठेवला तर तो पट होतो.

कापण्याची आणखी एक बाजू आहे, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्या शर्यती काही अटींवर पुन्हा सुरू झाल्या, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. काठी, चाबूक, विजेचा झटका यांना नियमांत मनाई आहे. बैलाला इजा होणार नाही, या शब्दावर ही परवानगी उभी आहे. फ्रेमच्या कडेला धुरकऱ्याचा हात येतो. तो हात रिकामा असेल तर त्याहून मोठी शाबासकी नाही. त्यात टोचणी असेल तर तीही दिसली पाहिजे.

पटाचे फोटो काढणाऱ्या पोरांनो, आकाश कापा, कोपऱ्यातला मंडप कापा. धुरकऱ्याचा हात कापू नका.