शरदाची घडी

म्हैसूरला पानगळ होते ती माघ-फाल्गुनात. आश्विनात इथली झाडं परतीच्या पावसाने धुऊन निघालेली, गच्च हिरवी असतात. त्यामुळे आमच्या वसाहतीतल्या ज्येष्ठांच्या शनिवारच्या बैठकीत ‘ऑटम ओरिगामी’ असा मथळा असलेले छापील नमुने वाटले गेले, तेव्हा जरा गंमतच झाली. बैठक चालवणारी मुलगी उत्साही आहे. परदेशात वयस्कर माणसांच्या करमणुकीसाठी केलेले नमुने तिने इंटरनेटवरून उतरवून घेतले होते: मेपलचं पान, भोपळा, ओकचं फळ. सोबत तपकिरी, नारिंगी, पिवळे कागद. ओकचं फळ तिथे कुणीच पाहिलेलं नव्हतं. शेजारच्या अज्जींनी ते चित्र उलटंसुलटं करून विचारलं, “अडिके?” म्हणजे सुपारी का?

सगळे हसले. मेपलच्या गळणाऱ्या पानांपाशी मात्र सासूबाई थांबल्या. “पिकलं पान गं, दुसरं काय! आमचीच चित्रं काढून आणलीत,” त्या मला म्हणाल्या आणि कागद बाजूला सारला.

त्यांचं वय चौऱ्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला, उजवा हात अधू झाला. साताऱ्याचं घर बंद करून त्या आमच्याकडे म्हैसूरला आल्या. कन्नड त्यांना येत नाही. बैठकीत त्या बसत, पण माझ्यामार्फत, म्हणजे अर्ध्याच. त्यांचं वाक्य मी कन्नडमध्ये सांगितलं. अज्जींनी लगेच त्यांच्याकडची म्हण काढली: पिकलेलं पान गळताना कोवळी पालवी हसली म्हणे. मी ती मराठीत सांगायचा अवकाश, सासूबाई म्हणाल्या, “मग काय तर! जात्यातले रडतात, सुपातले हसतात.” हे अज्जींना समजावताना मला जातं आणि सूप दोन्ही हातवारे करून दाखवावं लागलं. त्यांनी सासूबाईंच्या गुडघ्यावर थाप मारली. दोघींची ओळख खरी तिथे झाली.

मला मात्र तो बाजूला सारलेला कागद सलत राहिला. थंड देशांत या ऋतूत पानं लाल-पिवळी होऊन गळतात, आणि तिथल्या कवितांनी म्हातारपणाला हाच ऋतू जोडून दिला आहे. जपानमध्येही शरदात मेपल बघायला लोक मुद्दाम डोंगरात जातात. तिथे ते शोभतं. आपल्याकडे पिकल्या पानाची उपमा आहे, पण तिचा शरदाशी संबंध नाही. आपला शरद म्हणजे आभाळ निवळणं, नवं धान्य घरात येणं, नवरात्र, दसरा, कोजागरी. संस्कृतात तर ‘शरद’ या शब्दाचा एक अर्थच वर्ष. जुन्या आशीर्वादांत शंभर वर्षांचं आयुष्य मागताना शंभर शरद मागितले आहेत. म्हणजे ज्या ऋतूने दुसरीकडे आयुष्याचा उतार दाखवला जातो, त्याच ऋतूने आपण आयुष्याची बेरीज केली. चौऱ्याऐंशी शरद पाहिलेल्या बाईच्या हातात गळणारं पान द्यायचं, हे त्या हिशेबाला धरून नव्हतं.

पुढच्या शनिवारी आम्ही नमुने बदलले. कला तीच ठेवली. ‘ओरिगामी’ हा शब्द जपानी असला, तरी कागदाच्या घड्यांना या भागात कुणी परकं म्हणू नये. टी. सुंदरराव यांचं कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक १८९३ साली मद्रासला छापलं गेलं आणि पुढे युरोप-अमेरिकेत वाचलं गेलं. बालवाडीतल्या मुलांना देतात त्या घडीच्या कागदांवरून त्यांना ती कल्पना सुचली होती. आमच्या बैठकीतल्या बहुतेकांनीही शाळेत होडी, शाईची दौत, विमान केलेलं होतं. शिवाय बायकांच्या हातात घड्या जन्मभराच्या: नऊवारीच्या निऱ्या, मोदकाच्या कळ्या, करंजीची मुरड. अज्जी म्हैसूरच्या पानाचा विडा असा दुमडतात की लवंग टोचायचीही गरज पडत नाही. फक्त या सगळ्याला कला म्हणायची कुणाला सवय नव्हती.

पहिला नमुना आपट्याचं पान. आपटा इथल्या बाजारात मला मिळत नाही. इथली दसऱ्याची मिरवणूक, सोन्याच्या अंबारीसह, बन्नीमंटपाला जाते, आणि बन्नी म्हणजे आपली शमी. महाराष्ट्रात तरी आपटा कुठे सहज मिळतो! दसऱ्यासाठी झाडं ओरबाडली जातात, आणि बरेचदा आपटा म्हणून कांचनाचीच पानं विकली जातात. मग कागदाचा आपटा काय वाईट? घडी सोपी आहे. चौकोनी कागदाच्या दोन्ही कर्णांवर घड्या घालून उघडायच्या. वरचं टोक मध्यबिंदूवर आणायचं, खालचं टोक वरच्या कडेला. मग डावा-उजवा भाग मधल्या रेषेला धरून वर वळवायचा. कागद पालथा करून वरची आणि बाजूची टोकं दुमडली की बदाम तयार होतो. बदामाचं खालचं टोकही जरा दुमडलं, की झालं आपट्याचं पान. कात्री नको, डिंक नको.

कागद मोठा घेतला, वीत-सव्वा वीत. सोनेरी कागद मिठाईच्या खोक्यांतले, बाकीचे जुन्या ‘कालनिर्णय’चे. ते पान लांबट, पण एक कोपरा तिरका दुमडून उरलेली पट्टी फाडली की चौकोन होतो. सासूबाईंनी उजव्या हाताची मूठ कागदावर वजनासारखी ठेवली, डाव्या हाताने घडी घातली आणि चमच्याच्या पाठीने ती दाबली. पहिल्या पानाला अर्धा तास लागला. एक कान मोठा, एक लहान झाला. “झाडावर तरी कुठं सारखी असतात?” त्या म्हणाल्या. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू त्या बघायलाही तयार नसत. हात सुधारला असं मी म्हणणार नाही. पण त्या हाताला पुन्हा एक काम मिळालं, आणि त्या कामाला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं.

दुसरा नमुना त्यांनीच सुचवला, पारिजातकाचा. त्याच्या पाकळ्या मी पाच धरून चालले होते, आणि चौकोनी कागदातून पाच कोन काढणं किचकट. अज्जींनी दुसऱ्या दिवशी अंगणातली ओंजळभर फुलं आणून टेबलावर ओतली. मोजली तर कुठे पाच, कुठे सहा, काहींना आठ. आठ चालत असतील तर चौकोन पुरतो. त्या फुलांभोवती सगळे बराच वेळ बसून राहिले. पारिजातक पहाटे आपणच गळतो आणि आपण तो जमिनीवरून वेचून देवाला वाहतो. इतर फुलांच्या बाबतीत जे चालत नाही, ते याला चालतं. शरदात आपल्याकडे गळतं ते हे. हा विचार माझा. सासूबाई फक्त एवढंच म्हणाल्या, “साताऱ्याला परसात होता.” किती महिन्यांनी त्या घराबद्दल आपणहून बोलल्या.

नवरात्रात अज्जींच्या घरी बाहुल्यांच्या पायऱ्या मांडल्या गेल्या. इथे घरोघरी गोंबे मांडतात, आणि मध्यभागी ‘पट्टद गोंबे’, म्हणजे राजा-राणीची लाकडी जोडी असते. त्या जोडीपुढे अज्जींनी आमची कागदी फुलं ठेवली. दसऱ्याला संध्याकाळी इमारतीतली मुलं खाली जमली. सोनं धाकट्यांनी थोरांना द्यायचं असतं, म्हणून आधी एकेकाच्या हातात एकेक पान दिलं, मग त्यांनी ते ज्येष्ठांना देऊन नमस्कार केला. कन्नड, तमिळ, हिंदी बोलणारी मुलं “सोनं घ्या, सोन्यासारखं राहा” हे पाठ करून आली होती. सासूबाईंनी एकेकाचा उच्चार सुधारला. त्या दिवशी त्यांना माझी गरज लागली नाही.

कोजागरीला त्यांनी ह्यांना ओवाळलं. थोरल्या अपत्याला ओवाळायचं त्या रात्री, मग ते साठीचं का असेना. निरांजनाचं ताट मी खालून धरलं होतं, फिरवलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी पानं आवरायला घेतली. काही दुमडलेली, काहींवर मुलांच्या हातांचे डाग. जुन्या वहीत ठेवू की टाकून देऊ, असं मी त्यांना विचारलं.

“टाकतेस कशाला?” त्या म्हणाल्या. “पुढच्या दसऱ्याला लागतील की.”